पाकिटावर 'इको-फ्रेंडली' छापण्याआधी: तासगावच्या एका बचतगटाला उत्तर

तासगाव तालुक्यातल्या एका महिला बचतगटाच्या ताईंनी विचारलंय: "आम्ही घरच्या बागेतला बेदाणा, ओळखीच्या गुऱ्हाळातली गूळ पावडर आणि सांगली बाजारातून घेतलेली हळद पाव किलोच्या पाकिटात विकतो. डिझायनरने नवं पाकीट करून दिलंय. त्यावर '१०० टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त, कार्बन न्यूट्रल, पाणी वाचवणारं उत्पादन, इको-फ्रेंडली विघटनशील पाकीट' असं आहे. सगळेच असं लिहितात. आम्ही लिहिलं तर काय बिघडलं? आणि यातलं काय ठेवता येईल?"

ताई, यातली एकही ओळ आहे तशी छापू नका. पण तुमच्याकडे सांगण्यासारखं खरं बरंच आहे, आणि तेच या पाच ओळींखाली झाकलं गेलंय. मी चोवीस वर्षं सांगली-साताऱ्यात खाद्यपदार्थांची लेबलं आणि सेंद्रिय प्रमाणपत्राची कागदपत्रं तपासतोय. एवढ्या काळात जाणूनबुजून खोटं लिहिणारे थोडेच भेटले. आपल्या मालाची वही न उघडता दुसऱ्याच्या पाकिटावरची ओळ उचलणारे खूप भेटले.

बेदाण्यापासून सुरू करू, कारण तो तुम्ही स्वतः करता. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट, मग डाउनी आणि भुरी या बुरशीरोगांवरच्या फवारण्या, मण्याच्या फुगवणीला जीए हे वाढसंप्रेरक. हे तुमच्या बागेत होतं, माझ्या मेहुण्याच्या बागेतही होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. पावसाळी हवेत द्राक्ष टिकवायचं तर हे लागतं. पुढे वाळवणीच्या शेडवर माल आला की एक लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, घालून घड बुडवतात. मण्यावरचा मेणाचा थर मोकळा होतो, पाणी लवकर निघतं आणि रंग काळपट पडत नाही. पिवळा चमकदार माल हवा असेल तर वर गंधकाची धुरी. आता या मालावर 'रसायनमुक्त' कसं लिहिणार? 'नैसर्गिक' या शब्दालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावे नियमांत व्याख्या आहे: एकच पदार्थ, त्यात काहीही न मिसळलेला, खाण्यायोग्य करण्यापुरतीच प्रक्रिया केलेला. वाळवणं चालतं. गंधकाची धुरी दिलेला माल त्यात बसत नाही. उलट सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ते लेबलवर सांगावंच लागतं, कारण दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. म्हणजे जी गोष्ट सांगणं बंधनकारक आहे तीच तुमचं पाकीट नाकारतंय. आणि '१०० टक्के' हा आकडा तर कुठेच नको. लेबलवर आणि जाहिरातीत तो वापरू नका असं प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये सगळ्याच खाद्य व्यावसायिकांना कळवलंय.

आता खरं काय आहे ते बघा. तुमचा बेदाणा वाळवायला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही, लाकूड लागत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल आपल्याकडची हवा कोरडी असते, शेडच्या जाळ्यांवर माल पसरायचा, वरून सावली, बाजूंनी वारा, आणि साधारण दोन आठवड्यांत चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. जगात अनेक ठिकाणी हेच काम गरम हवेच्या यंत्रात इंधन जाळून करतात. 'सावलीत, वाऱ्यावर वाळवलेला, वाळवताना वीज किंवा इंधन वापरलेलं नाही' ही ओळ खरी आहे, तपासता येते, आणि तुमच्या मातीची आहे. तुमच्या डिझायनरला ही गोष्ट माहीतच नव्हती, कारण कुणी सांगितली नाही.

फक्त त्यातला 'वाळवताना' हा शब्द गाळू नका. कारण पुढे तोच माल तासगाव-सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्महिने पडून असतो, आणि तिथे वीज चोवीस तास चालते. 'विजेशिवाय बनलेला बेदाणा' लिहिलं की दावा संपूर्ण मालाचा होतो आणि खोटा ठरतो. पर्यावरणाच्या दाव्यात फसगत बहुतेक वेळा इथेच होते. एका टप्प्याची चांगली गोष्ट अख्ख्या वस्तूवर पांघरली जाते.

यावरून कार्बन न्यूट्रलचं सांगतो, म्हणजे ती ओळ का काढायची ते स्पष्ट होईल. तुमच्या बागेला पाणी कुठून येतं? ताकारी, टेंभू, म्हैसाळ, कुठलीही योजना घ्या, कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवून आपल्या दुष्काळी शिवारात येतं. त्या पंपांना वीज लागते आणि महाराष्ट्राची बहुतांश वीज आजही कोळशाची आहे. विहिरीवरची मोटर वेगळी, फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर वेगळा. त्यात नत्राची खतं धरा. जमिनीत टाकलेल्या नत्रातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. कोल्ड स्टोरेज आहेच. हे सगळं मोजून, आधी कमी करून, उरलेल्याची भरपाई करून, त्याची त्रयस्थ तपासणी झाली तर 'न्यूट्रल' म्हणण्याचा विचार करता येतो. तुम्ही पत्रात लिहिलंय की गटाने गायरानात पाचशे झाडं लावली. फार चांगलं केलंत, ती जगवा. पण या पावसाळ्यात लावलेल्या रोपाने गेल्या हंगामातल्या बेदाण्याचा धूर शोषलेला नाही, आणि उन्हाळ्यात त्यातली किती टिकतील हे कुणाला ठाऊक? स्वीडनमध्ये आर्ला ही मोठी दूधकंपनी 'निव्वळ शून्य हवामान-ठसा' असं पाकिटावर लिहीत होती. २०२३च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायालयाने ते थांबवलं. ग्राहकाला वाटतं की या दुधामुळे हवेवर काहीच बोजा नाही, आणि झाडांच्या भरपाईवर इतकं ठाम बोलता येत नाही, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये डॅनिश क्राउनच्या 'हवामान-नियंत्रित' मांसाचंही असंच झालं. त्यांच्याकडे शास्त्रज्ञ होते, हिशोबाचे अहवाल होते. आपल्याकडे अजून विजेची बिलंसुद्धा एका फायलीत नाहीत.

'जवळचा माल म्हणून कमी प्रदूषण' असं लिहायचा मोहही होईल. बहुतेक पदार्थांमध्ये वाहतुकीचा वाटा लहान असतो, मोठा बोजा शेतातच पडलेला असतो. त्यामुळे 'तासगाव तालुक्यात पिकवलेला' एवढंच लिहा. त्यात अभिमानही आहे आणि खोटंही काही नाही.

गुळावर जरा थांबतो, कारण माझा जीव तिथे जास्त अडकलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कराडच्या पुढे एका गुऱ्हाळावर तपासणीला गेलो होतो. पाकिटावर 'केमिकल-फ्री, पर्यावरणपूरक गूळ' आणि हिरव्या पानाचं चित्र. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या अनुभवी होता, रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी काढत होता, म्हणजे जुनी आणि चांगली पद्धत. पण कोपऱ्यात हायड्रोसची पिशवीही उघडी होती. 'थोडीच टाकतो, नाहीतर गिऱ्हाईक काळा म्हणून घेत नाही,' म्हणाला. सोडियम हायड्रोसल्फाइट ते. त्याने रंग पिवळाधमक होतो, आणि गुळात सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. याहून वाईट गोष्ट चुलवाणात होती. अवकाळी पावसाने चिपाड भिजलेलं, म्हणून आत जुने टायर टाकले होते. बाहेरच्या ओट्यावर गुळव्याची दोन लहान मुलं खेळत होती आणि तो काळा धूर त्यांच्यावरून जात होता. त्या दिवशी मी अहवालात लिहायचं ते लिहिलं, पण ते चित्र डोळ्यांसमोरून गेलेलं नाही. 'पर्यावरणपूरक' हा शब्द त्या पाकिटावर छापून आलेला होता, आणि तो विकत घेणाऱ्या बाईने आपल्या पोराच्या डब्यात तो गूळ विश्वासाने घातला असेल.

म्हणून तुमच्या ओळखीच्या गुऱ्हाळावर स्वतः जा, हंगामात, न सांगता. चुलवाणात काय जळतं ते बघा. नुसतं चिपाड जळत असेल तर 'उसाच्या चिपाडावर शिजवलेला' ही उत्तम ओळ आहे. भेंडीने मळी काढत असतील तर तेही लिहा. हायड्रोस नसल्याचं तोंडी ऐकून लिहू नका, प्रयोगशाळेतून सल्फर डायऑक्साइडची तपासणी करून घ्या, अहवालावर तारीख आणि बॅच असू द्या.

'पाणी वाचवणारं' हे मात्र गुळावरून पूर्ण पुसा. ऊस तोच, साखरेचा असो वा गुळाचा. जागतिक सरासरी काढली तर एक किलो उसाच्या साखरेमागे सुमारे १,७८० लिटर पाणी जातं. यात पावसाचं, सिंचनाचं आणि प्रदूषण विरळ करायला लागणारं असं सगळं धरलंय. त्यातलं जवळजवळ सगळं शेतात खर्च होतं, कारखान्यात किंवा काहिलीत नाही. आपल्याकडचा आडसाली ऊस तर दीड वर्ष रानात उभा असतो. साखरेऐवजी गूळ खाल्ल्याने पाणी वाचतं असं म्हणणं म्हणजे त्या शेताकडे पाठ फिरवणं. बेदाण्याच्या बाबतीत 'ठिबकवर घेतलेली द्राक्षं' एवढं लिहा. ठिबकने किती पाणी वाचलं हा आकडा लिहायचा असेल तर कशाच्या तुलनेत, कुठल्या वर्षी, कसं मोजलं, हेही द्यावं लागेल.

आता पाकीट. इथे माझ्याच हातून चूक झालेली आहे, ती सांगतो. २०११ साली साताऱ्याच्या एका गटाला मी तपकिरी क्राफ्ट कागदाचं पाउच सुचवलं आणि त्यावर 'प्लॅस्टिकमुक्त कागदी पाकीट' लिहायला संमती दिली. पुरवठादाराने कागद म्हटलं, मी कागद मानलं. दोन महिन्यांनी एका शाळेतल्या बाईंनी ते पाउच रात्रभर बादलीत भिजवून ठेवलं. सकाळी कागदाचा लगदा वेगळा झाला आणि आतली पारदर्शक फिल्म अखंड बाहेर आली. ती फिल्म घडी घालून त्यांनी मला लिफाफ्यातून पाठवली, सोबत एक ओळ: 'मुलांना हे प्लॅस्टिक दाखवलं, त्यांना काय सांगू?' मी त्या गटाला छापील पाकिटांवर पट्टी चिकटवायला लावली, त्याचा खर्च त्यांच्या डोक्यावर पडला, आणि तो माझ्यामुळे पडला. तेव्हापासून प्रत्येक नमुना मी आधी बादलीत टाकतो. तुम्हीही टाका. ओलावा थांबवणारं जवळजवळ प्रत्येक 'कागदी' पाउच आतून प्लॅस्टिकचं असतं, आणि कागद-प्लॅस्टिक चिकटवलेलं असल्यामुळे भंगारवाला ते कागदातही घेत नाही, प्लॅस्टिकातही नाही. साधं एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकचं पाकीट दिसायला वाईट, पण पुन्हा वापरात जाण्याची शक्यता त्याचीच जास्त.

'विघटनशील' म्हणाल तर मक्यापासून बनणाऱ्या कंपोस्टेबल पिशव्यांसाठी आयएस १७०८८ हे मानक आहे आणि उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पुरवठादाराकडून त्याची प्रत मागा. दिली नाही तर विषय संपला. दिली तरी लक्षात घ्या, त्या मानकाची चाचणी सुमारे ५८ अंशांवर, औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीत होते. बांधावर फेकलेली किंवा ओढ्यात गेलेली पिशवी तशी कुजत नाही. म्हणून लिहायचंच तर कुठल्या परिस्थितीत कुजते हेही त्याच ओळीत यायला हवं.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'ऑरगॅनिक', 'कार्बन न्यूट्रल' असे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. दावा मालाचा आहे, पाकिटाचा आहे की प्रक्रियेचा, हे सांगावं लागतं. जागा कमी असेल तर क्यूआर कोडने सविस्तर पुरावा देता येतो, ही सोय तुमच्यासारख्या छोट्या गटाला फार उपयोगी आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तुमच्या गटावर उद्याच कुणी येईल असं मी म्हणत नाही. पण तक्रार करायला दिल्लीला जावं लागत नाही, १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज देता येतो.

चित्रसुद्धा दावाच असतो, हे विसरलं जातं. महाबळेश्वरच्या रस्त्यावर मधाच्या कितीतरी बाटल्यांवर कासच्या पठाराची फुलं दिसतात. नुसती हिरवी पट्टी किंवा एखादं पान याला कुणी हरकत घेत नाही. पण मध मोहरीच्या किंवा सूर्यफुलाच्या शेतातून आणलेला, आणि बाटलीवर जागतिक वारशाचं पठार, तर घेणाऱ्याला वाटतं की या पैशाने ते पठार आणि तिथल्या मधमाश्या जगतायत. महाबळेश्वर तालुक्यातच मांघर हे गाव 'मधाचं गाव' म्हणून उभं राहिलंय, तिथली माणसं खरंच माश्या सांभाळतात. त्या बाटल्या त्यांच्या मालाशेजारी, कमी भावात मांडलेल्या असतात.

तुमच्या 'सगळेच लिहितात, काय बिघडलं' याचं माझं उत्तर त्या शेजारच्या बाटलीत आहे. तुमच्याच तालुक्यात एखादा शेतकरी बाग सेंद्रिय करायला घेतो. द्राक्षासारख्या बहुवर्षीय पिकाला एनपीओपीच्या, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत तीन वर्षांचा रूपांतर काळ आहे. त्या तीन वर्षांत डाउनी आली की घडच्या घड डोळ्यांदेखत जातात, उत्पन्न घटतं, बँकेचा हप्ता तोच राहतो, आणि भाव मात्र साध्या मालाचा मिळतो, कारण 'सेंद्रिय' लिहिण्याचा हक्क अजून आलेला नसतो. मी अशा दोन घरांत चौथ्या वर्षीचं प्रमाणपत्र हातात घेतलेली माणसं पाहिली आहेत. एकाने ते देवघरात ठेवलं होतं. मग तो बाजारात येतो आणि त्याच्या शेजारच्या पाकिटावर कुठलंही प्रमाणपत्र नसताना 'ऑरगॅनिक, विषमुक्त' छापलेलं असतं, चाळीस रुपये स्वस्त. त्यातला एक जण पाचव्या वर्षी पुन्हा फवारणीवर गेला. त्याला कोणी दोष द्यावा? 'विषमुक्त' हा शब्द मला म्हणूनच खुपतो. तो आपला माल चांगला म्हणत नाही, शेजाऱ्याचा माल विष म्हणतो.

हळदीबद्दल एवढंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण सांगली बाजारात विकली जाणारी सगळी हळद सांगलीची नसते, परराज्यांतूनही येते. बिलावर मूळ कुठलं आहे ते विचारा, आणि मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ते चिन्ह ठिकाणाची खात्री देतं, शेती कशी केली याची नाही. डिझायनरने सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचा फोटो टाकलाय, तो काढा. पेवात हवा बंद होऊन विजेशिवाय हळद वर्षानुवर्षं टिकायची, आपल्या भागाची ती फार शहाणी रीत. पण २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली, आणि तुमची हळद गोदामातून आली आहे.

तर बेदाण्याच्या पाकिटाची दर्शनी बाजू मी अशी करेन: 'तासगाव तालुक्यातल्या आमच्या बागेतला बेदाणा. ठिबकवर घेतलेली द्राक्षं. सावलीत, वाऱ्यावर वाळवलेला. वाळवताना वीज किंवा इंधन वापरलेलं नाही.' मागे, वाचता येईल अशा अक्षरात: 'वाळवण्यापूर्वी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेला. सल्फाइट आहे.' गंधकाची धुरी न देता तपकिरी बेदाणा केलात, आणि अहवालातही सल्फाइट मर्यादेखाली आलं, तर शेवटचं वाक्य जाईल आणि 'गंधकाची धुरी न दिलेला' ही ओळ पुढे येईल. रंग गडद का आहे हे गिऱ्हाइकाला दोन शब्दांत सांगा, पुण्या-मुंबईत आता असा माल मागून घेणारे आहेत. क्यूआर कोडवर शेडचा फोटो, तपासणीचा अहवाल आणि ठिबकचं बिल ठेवा.

छपाईवाला पाकीट छापायचा सिलिंडर कोरायला घेण्याआधी दोन गोष्टी मला पाठवा: गुळाच्या सल्फर डायऑक्साइडचा अहवाल, आणि रात्रभर बादलीत भिजवलेल्या पाउचचा फोटो. सिलिंडर एकदा कोरला की एक शब्द बदलायलाही नव्याने पैसे पडतात, त्यामुळे आठ दिवस उशीर झाला तरी चालेल.